मीरा-भाईंदरमधील काँक्रीटचे रासायनिक क्षरण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि भोवताली मिठागरे अशा भूमीवर मीरा-भाईंदर शहर वसले आहे. 1991 च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख असलेली येथील लोकसंख्या 2011 मध्ये आठ लाखांवर गेली. या वाढीला निवारा मिळाला तो प्रामुख्याने सिमेंट काँक्रीटच्या इमारतींत. खाऱ्या हवेत या इमारतींचे आयुष्य कसे मोजावे, या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

चुना आणि सिमेंट

शहराच्या हद्दीतील घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीज काळातील असून वसई मोहिमेत (1737-39) तो मराठ्यांकडे आला. अशा जुन्या बांधकामांतील चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीचे रूप घेतो आणि त्यामुळेच कठीण होतो. 1824 मध्ये जोसेफ अॅस्पडिन यांनी पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे काँक्रीटमध्ये पोलादी सळया आल्या आणि चुन्याला बळ देणारी तीच क्रिया येथे घातक ठरली. सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. त्यामुळे काँक्रीटच्या छिद्रांतील पाण्याचा सामू 12.5 च्या वर राहतो आणि सळईवरील संरक्षक थर टिकतो. कार्बन डायऑक्साइडमुळे सामू 9 च्या खाली उतरला की हा थर नष्ट होतो. समुद्री क्षारांतील क्लोराइड सामू न घटवताही तो जागोजागी भेदते. गंजाचे आकारमान मूळ पोलादापेक्षा अधिक असल्याने काँक्रीट तडकते.

क्षरणाचे गणित

अॅडॉल्फ फिक यांनी 1855 मध्ये विसरणाचे नियम मांडले. त्यांच्या आधारे कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, असे मानले जाते. स्वीडनचे क्यूस्टी टूटी यांनी 1982 मध्ये गंजप्रक्रियेचे दोन टप्पे केले : घातक द्रव्य सळईपर्यंत पोहोचण्याचा काळ आणि त्यानंतर गंज वाढण्याचा काळ. पहिला टप्पा सळईवरील काँक्रीटच्या आवरणावर अवलंबून असतो. काँक्रीट समान असेल, तर आवरण निम्मे होताच हा काळ एकचतुर्थांश होतो.

मानकांतील बदल

आय. एस. 456 च्या 1978 च्या आवृत्तीत स्लॅबसाठी किमान 15 मि.मी. आवरण सांगितले होते. खाऱ्या वातावरणासाठी त्यात 15 ते 50 मि.मी. भर घालण्याची तरतूद होती. 2000 च्या आवृत्तीने किनारी वातावरणाला 'तीव्र' वर्गात टाकून 45 मि.मी. आवरण व एम-30 प्रतीचे काँक्रीट निश्चित केले. तीच प्रत कायम धरून 15 आणि 45 मि.मी. यांची तुलना केली, तर पहिल्या टप्प्याचा काळ नऊपट भरतो. 1978 ची भर प्रत्यक्षात घातली गेली की नाही, यावर त्या काळातील इमारतीचे आयुष्य ठरते.

निष्कर्ष

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ नुसार 30 वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. ही मर्यादा सर्व इमारतींना सारखीच लागू होते. रसायनशास्त्र मात्र आवरण, काँक्रीटची प्रत आणि क्षारांचे सान्निध्य पाहते. म्हणून खाडीलगतच्या, 2000 पूर्वीच्या इमारतींत आवरण, कार्बोनेशनची खोली व क्लोराइडचे प्रमाण यांची मोजणी तीस वर्षांची वाट न पाहता व्हावी. अन्यथा काही इमारतींत तपासणीपूर्वीच गंजाचा दुसरा टप्पा सुरू झालेला असेल.