जनावरांची बुरशी हाडापर्यंत पोहोचते का?

गोठ्यातल्या वासराच्या डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी, खपल्या धरलेले गोल चट्टे उठतात. काही दिवसांत धारा काढणाऱ्याच्या हातावर खाजरा गोल चट्टा दिसतो. "डॉक्टर, हे हाडात तर उतरणार नाही ना?" अहिल्यानगरसारख्या दुधाच्या जिल्ह्यात हा प्रश्न साहजिक आहे.

गजकर्ण हाडात जात नाही

गजकर्णाची बुरशी त्वचा, केस आणि नखांतील केराटिन या प्रथिनावर जगते, म्हणून ती सहसा वरच्या थरातच राहते. मात्र दुकानातून स्टेरॉइड असलेले मलम आणून लावू नका. खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते. जनावरालाही पशुवैद्यकाला दाखवा.

हाडापर्यंत जाणाऱ्या बुरशी

*स्पोरोट्रायकोसिस:* ब्राझीलमध्ये हा आजार मांजरीच्या ओरखड्यातून व चाव्यातून मोठ्या प्रमाणावर पसरला आहे. भारतात तो बहुधा काटा किंवा काडी टोचून होतो. जखमेपासून वर हाताच्या रेषेत एकामागे एक गाठी येतात. क्वचित, विशेषतः प्रतिकारशक्ती कमी असल्यास, तो सांधे व हाडांत शिरतो.

*मायसेटोमा:* हा जनावरांकडून येत नाही, पण अनवाणी गोठ्यात, रानात वावरणाऱ्यांना होऊ शकतो. मातीतले जंतू काट्याच्या जखमेतून आत जातात. १८४२ मध्ये मदुराई येथे त्याची नोंद झाली, म्हणून त्याला 'मदुरा फूट' म्हणतात. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले.

यात पायावर कडक सूज येते, नंतर छिद्रे पडून पू व बारीक दाणे बाहेर येतात. खरा धोका असा, की सुरुवातीला दुखत नाही. त्यामुळे माणूस कामावर जात राहतो आणि आजार हळूहळू हाड पोखरतो.

तपासणी आणि उपचार

एक्स-रे किंवा एमआरआयवरून हाड किती बाधित आहे ते कळते. बायोप्सी व कल्चरवरून जंतू ओळखतात. हे महत्त्वाचे, कारण मायसेटोमा बुरशीमुळे किंवा जिवाणूंमुळे, दोन्ही प्रकारे होतो. जिवाणूंना प्रतिजैविके लागतात. बुरशीला इट्राकोनॅझोलसारखी औषधे अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त घ्यावी लागतात. कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. या काळात यकृताची तपासणी होते. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका.

ताप आणि कंबरदुखी असेल तर

गाभडलेल्या जनावराची वार हाताळली असेल किंवा कच्चे दूध प्यायले असेल, आणि अनेक दिवस ताप, घाम, कंबर किंवा सांधेदुखी असेल, तर ब्रुसेलोसिसची तपासणी करून घ्या. हा जिवाणूंचा आजार आहे आणि तो मणक्यात शिरू शकतो. त्यावर बुरशीचे औषध चालत नाही.

लगेच डॉक्टरांकडे जा

- काटा लागल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी न दुखणारी गाठ दिसली तर
- जखमेतून दाणे येत असतील तर
- हातावर गाठींची रांग दिसली तर
- मधुमेह असून जखम भरत नसेल तर

गोठ्यात व रानात बूट घाला. काटा लागल्यास तो काढून जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. डॉक्टरांना तुमच्या जनावरांविषयी आणि जुन्या काट्याविषयी आठवणीने सांगा. निदानाची दिशा अनेकदा तिथेच मिळते.