वाळे, ठकी, ठोकळे : लहान मुलाच्या वाढदिवसाच्या भेटीची कुळकथा

गेल्या वैशाखात माझ्या भाचीचा मुलगा तीन वर्षांचा झाला. त्याआधी महिनाभर थोरल्या ताईने मला बोलावून एक पुरचुंडी हातावर ठेवली. आत आजीच्या वेळचे चांदीचे वाळे होते. ताई म्हणाली, "हे मोडून पोरासाठी पेला करून आण. कपाटात काळे पडण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी तरी पडतील."

आजीला सहा मुले झाली. त्यांतली चार जगली. वाळे मात्र सहाही जणांच्या पायांत पडले होते, हे आम्हा सगळ्यांना ऐकून माहीत होते. सराफाने वाळे काट्यावर ठेवून वजन सांगितले, घट किती धरणार तेही सांगितले आणि विचारले, "मोडायचे ना?" मी म्हणालो, "उद्या येतो." तो उद्या काही उगवला नाही. मध्यंतरी खेळण्यांच्या दुकानांतूनही फिरलो आणि तिथूनही रिकाम्या हाताने परतलो. लहान मुलाला वाढदिवसाला काय द्यावे हा प्रश्न आपल्या घरांत कधीपासून पडू लागला, ते शोधावेसे वाटले. या लेखाची सुरुवात अशी झाली.

आयुष्य हीच भेट

वाढदिवस आपल्याकडे जुनाच आहे. फक्त तो तारखेचा नव्हता, तिथीचा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी रचलेल्या 'धर्मसिंधु'त वर्धापनाचा विधी आहे. जन्मतिथीला कुलदेवतेचे, मार्कंडेयाचे आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजीवांचे स्मरण करायचे आणि तीळगूळ घातलेले दूध प्यायचे. घरोघरच्या रीतीत तेल लावून आंघोळ, पाटावर बसवून औक्षण, नवे कपडे आणि काहीतरी गोडधोड एवढे आले की वाढदिवस झाला. या सगळ्यात बाहेरून आणलेल्या वस्तूला जागा नाही. शास्त्रातला वाढदिवस तर घेण्यापेक्षा देण्याचाच होता, दानाचा. मोगल दरबारात बादशहाला वाढदिवशी तुळेत बसवत आणि त्याच्या भाराचे द्रव्य वाटून टाकत. जहांगीराची अशी तुला इंग्रज वकील टॉमस रो याने लिहून ठेवली आहे. दिशा तीच, देणारा तो ज्याचा वाढदिवस.

मग मुलाला कोण काय देत होते? त्याला मिळत होते ते आयुष्य. मार्कंडेयाला सोळाव्या वर्षीचा मृत्यू टळला, म्हणून त्याची आठवण. चिरंजीव तर नावानेच न मरणारे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या हजार बालकांपैकी सुमारे २०० पहिला वाढदिवस पाहत नसत. आज हे प्रमाण हजारी ३०च्या खाली आले आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की जुन्या वाढदिवसात खेळणे का नाही, याचा उलगडा होतो. वर्ष पुरे झाले हीच बातमी होती. तिच्यापुढे बाकी वस्तू कुणाला सुचणार?

वस्तू येत त्या त्याआधी, बारशाला. आजोळहून बाळंतविडा येई. त्यात झबली, टोपडी, दुपटी, कुंची आणि ऐपतीप्रमाणे वाळे, बिंदल्या, मनगट्या, साखळी. करदोटा तर गरिबाघरीही असे, मग तो काळ्या दोऱ्याचा का असेना. या वस्तू बाळाच्या अंगावर राहत. घुंगूरवाळ्याचा आवाज आला की रांगते पोर कुठे आहे ते स्वयंपाकघरातल्या आईला कळे. शिवाय चांदी ही पुंजी. वाळे एका मुलाचे नसत, घराचे असत. एकाच्या पायाला घट्ट झाले की पुढच्यासाठी डब्यात जात. आमच्या घरचे वाळे सहा जणांनी वापरले ते असे.

तारीख आली

मुलाच्या नावाने वेगळी भेट आणायची तर त्याचा दिवस आधी साऱ्यांना ठाऊक हवा. तिथी दर वर्षी हलते आणि ती घरच्या मोठ्यांच्याच ध्यानात असते. जन्माची तारीख कागदावर येण्याला वेळ लागला. १८८६ साली जन्म, मृत्यू व विवाह नोंदणीचा कायदा झाला, पण तो ऐच्छिक नोंदीचा होता. देशभर सक्तीची नोंदणी आली ती १९६९च्या कायद्याने. मधल्या काळात आपल्या खेड्यापाड्यांतल्या कित्येकांना जन्मतारीख दिली ती शाळामास्तरांनी. पोराला दाखल करताना वय बसावे म्हणून गुरुजी जून महिन्यातली तारीख घालत. १ जूनला जन्मलेली माणसे महाराष्ट्रात इतकी का, याचे उत्तर हेच. माझे वडीलही कागदोपत्री १ जूनचेच. त्यांचा वाढदिवस आम्ही कधी केला नाही, कारण तो त्यांचा नव्हताच.

तारीख आली, शाळा आली, वर्गात गोळ्या वाटणे आले, मेणबत्त्या आणि केक आले. चारचौघांना दिवस कळू लागला तसे चारचौघे हातात काहीतरी घेऊन येऊ लागले. तोवर लेकुरवाळ्या घरी जाताना न्यायची वस्तू एकच होती, ती म्हणजे खाऊ. पाहुण्याने नेलेला खाऊ घरातल्या सगळ्या मुलांत वाटला जाई. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात आजही तेच दिसते. बाळाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा ओतायचा आणि भोवतीच्या पोरांनी तो वेचायचा. सोहळा एकाचा, लूट सगळ्यांची. वाढदिवसाच्या भेटीने ही वाटणी मोडली. कागदात गुंडाळलेली वस्तू एकाच मुलाची झाली.

खेळणी जत्रेतून येत

याचा अर्थ पूर्वी मुलांना खेळणी नव्हती असा नव्हे. खुळखुळा, भिरभिरे, भोवरा, पांगुळगाडा, ठकी, भातुकली हे सारे होते. ते वाढदिवसाशी बांधलेले नव्हते इतकेच. खेळणे जत्रेतून येई, आठवड्याच्या बाजारातून येई, नाही तर गावचा सुतार घरच्या कामाच्या उरल्या तुकड्यातून करून देई. सावंतवाडीच्या चितार आळीत पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची, लाखेच्या रंगाची खेळणी होत. लाकडी फळे, पोळपाट-लाटणे, पाळणे. पुण्यात तुळशीबागेत भातुकलीची पितळी भांडी मिळत. ठकी म्हणजे लाकडाची ठोकळ बाहुली. तिला हात-पाय जेमतेम असत. एका ठकीवर दोन-तीन बहिणी वाढत आणि तिचे लग्न आळीभर गाजे.

अशा वस्तू पाहायच्या असतील तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. दिवे, अडकित्ते, वाद्ये यांच्याबरोबर तिथे खेळणीही आहेत. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर वणवण करून हा संग्रह जमवला. संग्रहालयाच्या नावातला 'राजा' हा कुणी संस्थानिक नव्हे. तो केळकरांचा बालवयात गेलेला मुलगा. हे कळल्यानंतर मी त्या दालनांतून पुन्हा एकदा फिरलो. तेव्हा तिथल्या लहानशा वस्तूंपुढे पाय जास्त वेळ थांबले.

सोन्याची गाडी

मुलाला दिलेल्या भेटीची आपल्या वाङ्मयातली सर्वांत मोठी गोष्ट शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त आहे. देवलांच्या मराठी नाटकामुळे ती आपल्या परिचयाची. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळला. ती परत गेली म्हणून तो रडू लागला. दासी रदनिकेने त्याला मातीची गाडी करून दिली, पण ती त्याला नको. वसंतसेनेने जवळ घेतले आणि रदनिकेने ही तुझी आईच असे सांगितले, तर पोर म्हणते की ही आई असती तर हिच्या अंगावर दागिने कसे असते? निर्धन घरातल्या मुलाने आईला दागिन्यांत पाहिलेलेच नाही. वसंतसेना रडत रडत दागिने उतरवते आणि मातीच्या गाडीत भरते, यातून सोन्याची गाडी कर म्हणून.

पुढे हेच दागिने परत करायला निघालेल्या मैत्रेयाकडून न्यायसभेत खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. मुलाला दिलेली भेट बापाला वधस्तंभापर्यंत नेते. तो शेवटच्या क्षणी वाचतो ही गोष्ट वेगळी. वसंतसेनेचे प्रेम खोटे नव्हते. पण ती भेट रोहसेनापेक्षा तिच्या स्वतःच्या मनाला हवी होती, त्या मुलाची आई म्हणवून घेण्यासाठी. मुलाला खेळायला गाडी हवी होती आणि ती तर रदनिकेने आधीच केलेली होती. भेट निवडताना आपण नेमके कुणाचे मन राखतो, हा प्रश्न मला या नाटकाने घातला.

'भेट' या शब्दाचा दुसरा अर्थ

या प्रश्नाचे वेगळे उत्तर एका जर्मन शिक्षकाने दिले. फ्रीड्रिश फ्रोबेल याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. त्याने मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूंची एक मालिका तयार केली आणि त्या वस्तूंना नावच 'भेटी' असे ठेवले. पहिली भेट लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरी लाकडाचा गोल, घन आणि दंडगोल. तिसरी भेट म्हणजे आठ छोट्या घनांत सुटणारा एक घन. मूल तो मोडते, पुन्हा जुळवते, त्याची खुर्ची करते, जिना करते. देणाऱ्याने वस्तू अपुरी द्यायची, ती पुरी करण्याचे काम मुलाचे. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये बालोद्यानांवर बंदी घातली. बंदी उठली १८६० मध्ये, पण फ्रोबेल १८५२ मध्येच गेला होता. पुढे १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका आईने या भेटी पाहिल्या आणि मुलासाठी घेतल्या. तो मुलगा म्हणजे वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. त्या ठोकळ्यांचा स्पर्श बोटांत राहिला, असे त्याने म्हातारपणीही सांगितले.

आपल्याकडे या विचाराला मातीत उतरवले ते ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीचे काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. ती पद्धत उत्तम, पण तिची साधने महागडी. १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला काम सुरू केल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गोटे, शंखशिंपले, बिया, पाने, काड्या, माती हीच साधने केली. मोजायला चिंचोके चालतात, रंग ओळखायला फुले चालतात. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला गेले. 'बालवाडी' आणि 'अंगणवाडी' हे शब्द याच कामातून घरोघरी पोहोचले. ज्या पाड्यांवरच्या मुलांना वाढदिवस ठाऊक नव्हता, त्यांच्या हाती फ्रोबेलची 'भेट' अशी आली. तिला किंमत पडली नाही.

दुकानातली फळी

आता दुकानात परत येऊ. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. खोक्यावर वय छापलेले असते ते बुद्धीचे माप म्हणून नव्हे. तीन वर्षांखालील मूल वस्तू तोंडात घालते आणि सुटा लहान भाग घशात अडकतो, म्हणून ती सूचना. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका काही तासांत भाजते. रंगात शिसे असेल तर ते चाटण्यातून पोटात जाते. पूर्वीच्या आया मार्कंडेयाला जे मागत, त्यातले थोडे आज असे चिन्ह पाहून आपल्यालाच सांभाळायचे आहे. एवढे पाहिल्यावर उरतो तो फ्रोबेलचा प्रश्न. या वस्तूत मुलाने करण्यासारखे काही उरले आहे का? कळ दाबली की गाणारे, नाचणारे खेळणे स्वतःच खेळते. मुलाला फक्त प्रेक्षक व्हायचे असते.

मी अखेर आमच्या ओळखीच्या सुताराकडे गेलो. सागाचे आठ घन आणि आठ विटा करून घेतल्या. कडा घासून गोल केल्या, रंग लावला नाही. प्रत्येक ठोकळा मुलाच्या मुठीपेक्षा मोठा राहील असे पाहिले. वाढदिवसाला पोराने त्यांची ओळ लावली, तिच्यावर वाटी ठेवली आणि "मामाआजोबा, चहा" म्हणून माझ्यापुढे सरकवली.

वाळे मी ताईला परत दिले. ती रागावली नाही. तिने ते चिंचेने घासले, मुलाच्या पायाशी धरून पाहिले. तीन वर्षांच्या पायात ते जाणार नव्हतेच. मग तिने भाचीला जवळ बसवले आणि ते कुणाकुणाच्या पायांत होते ती नावे क्रमाने सांगितली. सहाही. गेलेल्या दोघांची नावे मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली. भाचीने ती वहीत लिहून घेतली आणि तो कागद वाळ्यांबरोबर पुरचुंडीत ठेवला.