पगारपत्रक आणि ताळेबंद

अमेरिकेत ओळखीतल्या कुणाच्या अपार्टमेंट-प्रकल्पात पैसे घालायचे म्हटलं की एक फॉर्म येतो. गेली दोन वर्षं उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर? जोडीदारासह ३ लाख? की राहतं घर सोडून मालमत्ता १० लाखांवर? आपण खूण करतो, ‘अ‍ॅक्रेडिटेड इन्व्हेस्टर’ ठरतो. थोडं बरंही वाटतं.

१९२९ च्या पडझडीनंतर आलेल्या १९३३ च्या कायद्याने रोखे विकण्याआधी नोंदणी करून कंपनीची माहिती उघड करणं सक्तीचं केलं. विक्री ‘सार्वजनिक’ नसेल तर सूट होती, पण सार्वजनिक म्हणजे काय, हे सांगितलंच नव्हतं. सेंट लुईसच्या राल्स्टन प्युरिना या पशुखाद्याच्या कंपनीने १९४७ ते १९५१ या काळात जवळपास २० लाख डॉलरचे शेअर नोंदणीशिवाय आपल्याच ‘महत्त्वाच्या’ कर्मचाऱ्यांना विकले. या महत्त्वाच्या मंडळींत स्टेनोग्राफर होते, इलेक्ट्रिशियन होते, खाद्य चढवणाऱ्यांचा मुकादमही होता! आपल्या माणसांना विकलं, ते सार्वजनिक कसं, असा कंपनीचा दावा. १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. किती जणांना विकलं, यापेक्षा नोंदणीतून मिळाली असती तशी माहिती घेणाऱ्याच्या हाती होती का, त्याला कायद्याच्या संरक्षणाची गरज होती का, हे कोर्टाने पाहिलं.

निकाल शहाणा, पण पाळायला अवघड. कुणाला किती कळतं, हे विकणाऱ्याने मोजायचं कसं? १९८२ मध्ये रोखे आयोगाने ‘रेग्युलेशन डी’ आणून सरळ आकडे घातले : उत्पन्न २ लाख, मालमत्ता १० लाख. माहितीची जागा पैशाने घेतली. जोडीदारासह ३ लाखांची अट १९८८ ची. २०१० मध्ये राहतं घर हिशेबातून गेलं, २०२० मध्ये काही व्यावसायिक परवानेधारकांना पगार न पाहता दार उघडलं. मूळ आकडे मात्र महागाई वाढूनही तेच राहिले. आयोगाच्याच अंदाजाने १९८३ मध्ये १.८ टक्के कुटुंबं पात्र होती, २०२२ मध्ये १८.५ टक्के. त्यात आपल्यातले कितीतरी इंजिनिअर आणि डॉक्टर नुसत्या पगारावर बसतात.

खूण केली की फसवणुकीविरुद्धची कलमं शाबूत राहतात, पण ठरावीक माहिती देण्याचं बंधन विक्रेत्यावर उरत नाही. प्रकल्पावर कर्ज किती, त्याचा व्याजदर बदलता की स्थिर, हे आपणच विचारायचं. राल्स्टनच्या मुकादमाला कोर्टाने पगार विचारला नव्हता.