छेदावरचा लेप

झाडाची छाटलेली काडी मातीत रोवून तिचे नवे झाड करण्याची विद्या आपल्या देशात किती पुरातन आहे, याचा एक सबळ दाखला राज्यकारभाराच्या ग्रंथात सापडतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्षाची, म्हणजे सरकारी शेतीखात्याच्या अंमलदाराची, कर्तव्ये सांगताना काण्डबीजांचा, अर्थात उसासारख्या कांड्यांवर येणाऱ्या पिकांच्या बेण्याचा, निराळा बंदोबस्त लावून दिला आहे: मध, तूप आणि डुकराची चरबी शेणात कालवून त्यांचा लेप कापलेल्या टोकांना द्यावा. खजिन्याची भिस्त जमिनीच्या उत्पन्नावर असताना बेण्याच्या जखमेची चिंता राज्याने वाहावी, हे मला त्या शासनव्यवस्थेचे मोठे भूषण वाटते.

पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाध्यायात फणस, अशोक, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग इत्यादी झाडे काण्डारोप्य, म्हणजे काडीवरून लावता येणारी, ठरविली आणि लावणीपूर्वी त्यांच्या काड्यांना शेणाचा लेप सांगितला. फणसाची काडी सहजासहजी मूळ धरीत नाही, हे कोणीही अनुभवी माळी सांगेल. परंतु डाळिंबाची धरते, आणि नाशिककडच्या मळ्यांत ज्या खुंटावर द्राक्षाचे कलम बांधतात, तो खुंटही काडीवरूनच वाढवितात.

मुळे नेमकी खालच्या छेदापाशीच का फुटतात, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ तसाच राहिला. १७५८ साली फ्रान्समध्ये द्युहामेल द्यु मॉन्सो याने त्याचे कारण वरून खाली उतरणाऱ्या रसात शोधले. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या यूलियस झाक्स याने त्याही पुढे जाऊन, पानांत मूळ उपजविणारे एक विशिष्ट द्रव्य तयार होते व तेच बुडाशी उतरते, असे अनुमान बांधले. आणि १९२६ ते १९२८ या काळात युट्रेख्ट येथे फ्रिट्स वेंट याने ओटच्या कोंबांच्या शेंड्यांतून ‘ऑक्सिन’ हे वृद्धिद्रव्य वेगळे काढून दाखविल्यावर त्या अनुमानाला भक्कम आधार मिळाला. १९३५ साली अमेरिकेतील बॉइस थॉम्पसन संस्थेत झिमरमन व विल्कॉक्सन यांना इंडोल ब्यूटिरिक आम्लाचा मूळ फुटण्यावर होणारा प्रभाव आढळला. शंखजिऱ्याच्या भुकटीत अत्यल्प प्रमाणात मिसळलेले तेच द्रव्य आज रोपवाटिकांतून काड्यांच्या बुडांना लावले जाते.

नवशिक्याने ही भुकटी मिळविण्यासाठी खोळंबून राहू नये. जास्वंदीच्या वीतभर काडीला स्वतःच्या डोळ्यांतून व पानांतून ऑक्सिन पुरेसे मिळते. म्हणून खालची पाने खुडली तरी शेंड्याकडची दोन राखावीत, मोठी असल्यास निम्मी कातरावीत, नाहीतर मूळ नसलेली काडी त्यांना पाणी पुरविता पुरविता वाळते. दोन डोळे ओल्या वाळूत दडवून कुंडी सावलीत ठेवावी. द्रव्याचा ओघ शेंड्याकडून बुडाकडे असल्यामुळे उलटी खोचलेली काडी बहुधा फुकट जाते. यास्तव जाणते माळी वरचा छेद सरळ आणि खालचा तिरपा घेतात, म्हणजे पाने नसलेल्या काड्यांच्या जुडीतही बूड कोणते, हे बोटांना कळते.