जास्तीचं आलेलं सामान कोणाचं?

वारजे हे एकेकाळी मुठेच्या काठचं शेतीचं गाव होतं. आज महामार्गाच्या दोन्ही अंगांना सोसायट्या उभ्या आहेत आणि सकाळपासून रात्रीपर्यंत पाठीला मोठी पिशवी लावलेली डिलिव्हरीची पोरं फिरत असतात. किराणा, औषधं, कपडे, भांडी, सगळं दारात येतं. कधी कधी मागवल्यापेक्षा जास्तही येतं. पिठाची एक पिशवी मागवली आणि दोन आल्या, एका मिक्सरच्या जागी दोन खोकी उतरली, भलत्याच कुणाची साडी आपल्या पार्सलात निघाली. मग घरात वाद सुरू होतो. "चूक त्यांची, आपण काय चोरलंय?" असं एक जण म्हणतो. "परक्याची चीज आहे, परत करा," असं घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं. आणि मोबाइलवर कुणीतरी कळवतं की चुकून आलेली वस्तू कायद्यानेच ग्राहकाची होते.

हे शेवटचं विधान आपल्या देशात खरं नाही. ते कुठून आलं हे पुढे पाहू. त्याआधी हे लक्षात घ्यायला हवं की हा प्रश्न ऑनलाइन खरेदीने जन्माला घातलेला नाही. माणूस मोजून-मापून विकायला लागला तेव्हापासून मापात चूक होत आली आहे, आणि जास्तीचं कोणाचं यावर न्याय करणाऱ्यांनी डोकं खाजवलेलं आहे.

आपल्याकडच्या जुन्या बाजारात शेर, पायली, मण, खंडी अशी मापं होती. पेशवाईतल्या पुण्यात बाजारावर आणि वजनमापांवर नजर ठेवणं हे कोतवालाच्या कामांपैकी एक होतं. व्यवहाराचे तंटे पंचायतीपुढे जात. या बाजाराची एक रीत अजून टिकून आहे. माप पुरं झालं की विकणारा वर चार मिरच्या, कोथिंबिरीची काडी, कढीपत्त्याची डहाळी टाकतो. ते जास्तीचं असतं, पण तो आपल्या हाताने, राजीखुशीने देतो. म्हणून ते आपलं होतं. हिशेब चुकून त्याने दोन पायल्यांच्या जागी तीन घातल्या तर तिसरी पायली त्याने दिलेली नसते, ती त्याच्या हातून गेलेली असते. दोन्हींत माल सारखाच आपल्या पिशवीत येतो. फरक देणाऱ्याच्या इराद्याचा आहे, आणि पुढचा सगळा कायदा याच फरकावर उभा आहे.

मुस्लिम न्यायशास्त्राने या प्रश्नावर बारकाईने विचार केलेला आहे. बाराव्या शतकातल्या बुऱ्हानुद्दीन मर्गीनानी यांचा 'हिदाया' हा हनफी पंथाचा प्रमाणग्रंथ. त्यातल्या खरेदी-विक्रीच्या प्रकरणात धान्याच्या राशीचं उदाहरण येतं. शंभर मापं म्हणून एक रास शंभर दिरहमला घेतली आणि मोजल्यावर ती कमी भरली, तर घेणाऱ्याने तेवढ्याचेच पैसे द्यावेत किंवा सौदा मोडावा. रास जास्त भरली तर वरचं धान्य विकणाऱ्याचं. धान्य वेगळं करता येतं, त्यामुळे हिशेब सोपा आहे. कापडाचा नियम मात्र निराळा आहे. दहा हात म्हणून एकच आकडा ठरवून घेतलेलं कापड मोजताना अकरा हात निघालं, तर ते अख्खं घेणाऱ्याचं, कारण तिथे लांबी हा त्या कापडाचा गुण धरला आहे आणि सौदा त्या एका तुकड्याचा झाला आहे. पण दर हाताला एक दिरहम असा भाव बोलून घेतलं असेल, तर घेणाऱ्याने जास्तीच्या हाताचे पैसे मोजावेत किंवा सौदा सोडावा.

ही चर्चा मदरशापुरती राहिली नाही. चार्ल्स हॅमिल्टन यांनी 'हिदाया'चं इंग्रजी भाषांतर केलं, ते १७९१ साली छापलं गेलं आणि कंपनी सरकारच्या न्यायालयांत वापरलं गेलं. आपल्या भागात पेशवाई १८१८ मध्ये संपली. पुण्यात आधी रेसिडेंट आणि मग दख्खनचे कमिशनर राहिलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकिर्दीत १८२७ चे मुंबई रेग्युलेशन्स निघाले. त्यातल्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमाने दिवाणी न्यायाधीशाला क्रम घालून दिला: आधी पार्लमेंटचा आणि सरकारचा कायदा पाहा. तो नसेल तर त्या मुलखाची वहिवाट पाहा. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा पाहा. काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक यांना धरून निवाडा द्या.

याचा व्यवहारातला अर्थ समजून घेऊ. पुण्याच्या एखाद्या पेठेतल्या मुसलमान कापडवाल्यावर जास्त आलेल्या मालाबद्दल कुणी दावा केला असता, तर न्यायाधीशाने आधी पुण्याच्या बाजाराची वहिवाट विचारली असती. ती सापडली नसती तर प्रतिवादीचा म्हणून मुस्लिम कायदा पाहिला असता. म्हणजे बाजाराची रीत आणि माणसाचा धर्मशास्त्रीय कायदा हे दोन्ही तेव्हा न्यायालयात चालत. कराराच्या व्यवहारात ही व्यवस्था साधारण अर्धशतक टिकली.

मग सगळ्यांसाठी एकच कायदा आला. भारतीय करार कायदा १ सप्टेंबर १८७२ पासून लागू झाला. त्याचं ७२ वं कलम एका वाक्याचं आहे: चुकून किंवा जबरदस्तीमुळे ज्याला पैसे मिळाले किंवा वस्तू पोचली, त्याने ते परत केले पाहिजेत. या कलमात हिंदू-मुसलमान, दुकानदार-गिऱ्हाईक, लहान-मोठा असा भेद नाही. आणि ते रद्द झालेलं नाही. वारज्यातल्या सोसायटीत उतरलेल्या दुसऱ्या मिक्सरला आजही तेच लागू आहे.

विक्रीचे नियम आधी याच करार कायद्यात होते. ते काढून १९३० मध्ये मालविक्रीचा स्वतंत्र कायदा झाला. त्याचं ३७ वं कलम थेट आपल्या प्रश्नाबद्दल बोलतं. ठरल्यापेक्षा जास्त माल आला तर घेणाऱ्यापुढे तीन वाटा आहेत. ठरलेला ठेवून वरचा नाकारावा, किंवा सगळाच नाकारावा, किंवा सगळा ठेवावा आणि वरच्या मालाचे पैसे ठरलेल्या दराने द्यावेत. मागवलेल्या मालात भलताच माल मिसळून आला, तर आपला ठेवून दुसरा नाकारता येतो किंवा सगळा नाकारता येतो. 'सगळा ठेवावा आणि पैसे देऊ नयेत' ही चौथी वाट या कायद्यात नाही. दर हाताचा भाव बोललेल्या कापडाबद्दल 'हिदाया' जे सांगतो आणि हे कलम जे सांगतं, त्यात किती साम्य आहे ते वाचकांनी ताडून पाहावं. एकाने दुसऱ्याचं उचललं असं मला म्हणायचं नाही. सचोटीने विचार करणारी माणसं वेगवेगळ्या वाटांनी जवळपास एकाच जागी पोचली.

गिऱ्हाइकाच्या सोयीचं एक कलम याच कायद्यात आहे आणि ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. ते ४३ वं. नाकारलेला माल दुकानदाराला नेऊन पोचवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर नाही. आपण तो घेत नाही असं कळवलं की पुरे. म्हणजे चूक त्यांची असताना रिक्षाचं भाडं भरून खोकं परत करायला जाण्याची सक्ती नाही. त्यांनी यावं आणि न्यावं. मात्र ४२ वं कलमही वाचावं. माल आपलाच असल्यासारखा वापरला, किंवा वाजवी मुदतीत काही न कळवता ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. दुसरा मिक्सर खोक्यातून काढून चटणी वाटली की पैसे देणं आलं.

फौजदारी कायद्याची बाजूही आहे. १८६० च्या दंडसंहितेचं ४०३ वं कलम परक्याची जंगम मालमत्ता बेइमानीने आपलीशी करण्याबद्दल होतं. त्याखाली दिलेली उदाहरणं बोलकी आहेत. रस्त्यात एक रुपया सापडला आणि तो कोणाचा हे ठाऊक नाही, तर उचलणारा गुन्हेगार नाही. पण नोट असलेलं पत्र सापडलं, पत्रावरून मालक कोण हे कळलं, आणि तरी नोट खिशात घातली तर गुन्हा. आपल्या दारात येणारं पार्सल या दुसऱ्या उदाहरणाच्या जवळचं आहे. पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता त्यावरच छापलेला असतो. १ जुलै २०२४ पासून हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमात आला आहे. कुणाच्या घरी चुकून दुसरी पिशवी आली म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. मालक माहीत असताना, तो मागत असताना, 'आलंच नाही' म्हणून दडवणं हे मात्र बेइमानीत मोडतं.

आता 'चुकून आलेली वस्तू आपली' ही समजूत कुठून आली ते पाहू. विसाव्या शतकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये काही व्यापाऱ्यांनी एक युक्ती काढली. न मागवलेली वस्तू टपालाने घरी पाठवायची, आणि मग बिल पाठवून तगादा लावायचा. भिडस्त माणसं पैसे देऊन मोकळी होत. हा जाच थांबवण्यासाठी अमेरिकेने १९७० मध्ये आणि ब्रिटनने १९७१ मध्ये कायदे केले आणि मुद्दाम पाठवलेली अशी वस्तू घेणाऱ्याला भेट म्हणून ठेवता येईल अशी तरतूद केली. हा इलाज लबाडीवर होता. ऑर्डर भरताना प्रामाणिकपणे झालेल्या चुकीचा त्यात विचार नव्हता. आपल्याकडे अशी भेटीची तरतूद १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नव्हती आणि २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्यातही नाही. पण परदेशातली अर्धी माहिती मोबाइलवरून आली आणि आपल्याकडे तो कायदा होऊन बसला.

आपल्याकडच्या ग्राहक चळवळीची पुण्याशी नाळ आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिथे शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याच्या सामानाची यादी एकत्र देतात आणि आलेला माल आपसात वाटून घेतात. अशा वाटपात कुणाच्या पिशवीत साखर जास्त गेली तर ती शेजारणीच्या वाट्याची असते, हे सगळ्यांना दिसतं. ऑनलाइन दुकानात तो शेजारी दिसत नाही, म्हणून जास्तीचं सामान बेवारस वाटतं.

मी हा विषय वर्गात काढला होता. नववीची मुलं. एकाने विचारलं, "सर, कंपनी एवढी मोठी. तिला एका पिशवीने काय फरक पडतो?" मी उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "माझा भाऊ गोदामात पॅकिंग करतो. माल कमी भरला तर आधी त्यालाच विचारतात." वर्ग गप्प झाला. कंपनी मोठी असते, पण हिशेबाची चूक शोधत शोधत खाली आली की ती बहुतेक वेळा कुणातरी वीस-बावीस वर्षांच्या पोरापाशी येऊन थांबते.

तरीही कंपनीच्या ताकदीचा प्रश्न खोटा नाही, आणि त्याचं उत्तर त्याच ७२ व्या कलमात आहे. हे कलम दोन्ही बाजूंनी चालतं. बनारसच्या एका सराफी पेढीने १९४८ ते १९५१ या काळात वायदे व्यवहारांवर विक्रीकर भरला. पुढे तो कर त्या व्यवहारांवर लावताच येत नव्हता असं ठरलं. पेढीने पैसे परत मागितले, सरकारने नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये निकाल दिला की कायदा समजण्यातल्या चुकीने भरलेले पैसेही ७२ व्या कलमाखाली परत द्यावे लागतील. सरकारलाही. तेव्हा मोबाइलवरून एकाच बिलाचे दोनदा पैसे गेले, तर आपण ज्या कलमावर बोट ठेवून ते परत मागतो, तेच कलम दुसऱ्या पिशवीच्या वेळी आपल्याकडे पाहत असतं. एका वेळी ते हवं आणि दुसऱ्या वेळी नको, असं करता येत नाही.

आणि व्यापाऱ्याने मुद्दाम आपल्या गळ्यात माल घातला तर? टोपलीत न विचारता वस्तू सरकवून तिचे पैसे लावणं हा प्रकार केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसवणुकीच्या तेरा युक्त्यांपैकी एक म्हणून नोंदवला आहे. अशा वेळी गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे.

बुखारीच्या हदीससंग्रहात एक गोष्ट आहे. एकाने दुसऱ्याकडून जमीन घेतली आणि तिच्यात त्याला सोन्याने भरलेलं मडकं सापडलं. तो विकणाऱ्याकडे गेला: मी जमीन घेतली, सोनं नाही, हे तुझं. विकणारा म्हणाला, मी जमीन तिच्यातल्या सगळ्यासकट विकली, ते तुझंच. तंटा तिसऱ्याकडे गेला. त्याने विचारलं, तुम्हाला मुलंबाळं आहेत का? एकाला मुलगा होता, दुसऱ्याला मुलगी. त्यांचं लग्न लावा, सोनं त्यांच्यावर खर्च करा आणि दानही द्या, असा निवाडा झाला. आपल्याकडच्या बहुतेक तंट्यांत दोघेही 'माझं' म्हणतात. इथे दोघेही 'तुझं' म्हणत होते.

तेवढी उंची रोजच्या व्यवहारात कुणी मागत नाही. आपल्यापुरतं काम एवढंच आहे: जास्तीचं सामान आलं की त्याचा आणि पार्सलवरच्या चिठ्ठीचा फोटो काढावा. त्याच दिवशी ॲपवर किंवा ईमेलने लेखी कळवावं, न्यायला कधी यायचं ते सांगावं. सामान न उघडता, नीट जपून ठेवावं. नेण्याचा खर्च किंवा न घेतलेल्या मालाचे पैसे मागितले तर ठामपणे नाही म्हणावं. आणि न्यायला आलेल्या पोराकडून पोच घ्यायला विसरू नये.