अकरावी शाळेतून गेली तेव्हा

चौकात इतिहास म्हटला की धारावीचा किल्ला आठवतो, चिमाजी अप्पांची वसईची मोहीम आठवते. आज आम्ही अगदी जवळच्या काळातली गोष्ट सांगणार आहोत, 1975 सालची.

तोवर महाराष्ट्रात मॅट्रिक म्हणजे अकरावी. मार्च 1975 मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली, 1977 मध्ये बारावीची. कागदावर हा नुसता आकृतिबंधाचा बदल होता. पण बघा काय झालं. अकरावी शाळेतून उठून ज्युनियर कॉलेजात गेली. म्हणजे मराठी शाळेतल्या मास्तरांच्या हातून विज्ञानाचं एक अख्खं वर्ष निसटलं आणि भाषा बदलण्याची वेळ मुलांवर वर्षभर आधी आली. आमच्या मते त्या बदलाची ही बाजू फार कमी बोलली गेली.

गंमत अशी की याच सुमारास, 1974 साली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. केंद्राची सुरुवात नाना चौकातल्या महापालिका शाळेत झाली. मानखुर्दला ते नंतर गेलं. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातल्या शाळांत गेले. पुढे 1980 च्या सुमारास मुंबईच्या महापालिका शाळांतली अनुसूचित जातींची मुलं निवडून आठवी ते दहावी त्यांच्यासोबत काम केलं. मुलं मागे पडतात ती बुद्धी कमी म्हणून का? तर नाही. पुस्तकाची भाषा आडवी येते, आणि वर्गात बोलायची सवय नसते. भाषा सोपी केली, मुलांना बोलतं केलं, की त्यांचे निकाल सुधारले. हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं.

इथलंच उदाहरण घ्या ना. भाईंदरच्या मिठागरांजवळ वाढलेल्या मुलाला ठाऊक असतं की ऊन लागलं, पाणी आटलं की खारं पाणी दाट होतं आणि मग मीठ धरतं. शाळेत तेच ‘संपृक्त द्रावण’ होतं. अकरावीला ‘सॅच्युरेटेड सोल्युशन’. वस्तू एक, नावं तीन, आणि पहिल्या नावाचा पुढच्या दोघांशी सांधा कुणी जोडून देत नाही. मुलगा मग पाठांतराला लागतो. दुसरं करणार काय?

यावर नंतर सेमी-इंग्रजी आलं. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. पालकांची घाई आम्हाला समजते, मुलाला अकरावीत बुजायला होऊ नये एवढंच त्यांना हवं असतं. पण सांधा जोडायचं काम त्यानं होत नाही, ते फक्त खालच्या इयत्तेत सरकतं. आणि तिथल्या शिक्षकाला त्यासाठी वेगळा तास मिळतो का, हे आपल्यापैकी जे शिकवतात त्यांना विचारा.

असो. 1972 मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादला 16 शाळांत सुरू झालेल्या प्रयोगाकडे पुढच्या वेळी जाऊ. आता प्रश्न घेऊ या.