चांद्याचा रामाळा तलाव व सांडपाण्याची वाट

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजवंशाचा विचार करतांना अभ्यासकांची दृष्टि सनदा, शिलालेख व वंशावळी यांकडेच वळते. परंतु त्या राज्याचें एक मोठें साधन कागदावर नसून पाण्यांत आहे. तें म्हणजे तटालगतचा रामाळा तलाव.

झरपट नदीच्या पात्रांतील कुंडाच्या पाण्यानें खांडक्या बल्लाळशहाची व्याधि बरी झाली व म्हणून त्यानें तेथें नगर वसविलें, अशी आख्यायिका आहे. ती इतिहास म्हणून ग्राह्य धरतां येत नाहीं. तथापि नगराची उत्पत्ति निर्मळ पाण्याशीं जोडणारी ही परंपरा ध्यानांत घेण्याजोगी आहे. रामाळ्याचें पाणी पूर्वीं भूमिगत नळांनीं शहरांत नेलेलें होतें. ज्या तलावाचें पाणी प्यावयाचें, त्याच्या येव्यांत धुण्याचें पाणी मिसळूं न देणें हें त्या योजनेचें अंगच असलें पाहिजे, असें आमचें अनुमान आहे.

१८१८ मध्यें चांदा इंग्रजांच्या हातीं गेला; १८६७ मध्यें नगरपालिका स्थापन झाली. पुढें वस्ती वाढली व पावसाच्या नाल्यांसच मोऱ्यांचें पाणी मिळालें. मच्छीनाल्यावाटे तें रामाळ्यांत येऊं लागलें. अशा पाण्यांतील मैला व साबणसोडा यांच्या योगें जलपर्णी माजते. ती कुजूं लागली म्हणजे पाण्यांतील प्राणवायु सरतो व मासे मरतात. पावसाचा नाला कोठेंही शुद्ध होत नाहीं. त्यांत जें पडेल तें जसेंच्या तसें तलावांत पोंचतें.

२०२१ च्या फेब्रुवारींत इको-प्रो संस्थेचे श्री. बंडू धोतरे यांनीं या तलावासाठीं उपोषण आरंभिलें. गाळ काढावा व सांडपाणी अन्यत्र वळवावें, असा त्यांचा आग्रह होता. आमच्या मतें यांतील दुसरी गोष्ट मुख्य होय. कारण नाला तसाच राहिला तर उपसलेला गाळ पुन्हां सांचणारच.

येथें संग्राहकांचेंही काम आहे. जुने मोजणीचे नकाशे व नगरपालिकेचीं दप्तरें यांत जुने नळ व नाल्यांच्या मूळ वाटा यांच्या खुणा शोधाव्या. पावसाच्या पाण्याची वाट कोणती, हें एकदां सप्रमाण ठरलें म्हणजे सांडपाण्यास तींतून वेगळें काढणें सुकर होईल. जीर्ण पोथीस कसरीपासून जपणाऱ्यांनीं या जलमय दस्तऐवजाकडे पाठ फिरवूं नये, इतकीच विनंति.